लसीका पुटकांतील लिम्फोमा : पेशींच्या जनुकांचा अभ्यास आणि नातेवाइकांचे प्रश्न

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाची पत्रके, देणगीदारांची नामावली व विभागवार कामाचा आढावा यांच्या जोडीला एखाद्या आजाराविषयी सुबोध माहिती देण्याची प्रथा आहे. त्यानुसार यंदा लसीका ग्रंथींच्या एका कर्करोगाची, आणि विशेषतः त्या कर्करोगाच्या पेशींवर होणाऱ्या जनुकीय अभ्यासाची, माहिती देण्याचे योजिले आहे. विषय कठीण आहे. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे असल्याने आम्ही तो डॉक्टर मंडळींना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारून समजून घेतला. सामान्य वाचकाच्या शंका ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने आम्हालाही आल्या, एवढाच या लेखाचा अधिकार.

हा विषय निवडण्यास कारण घडले ते आमच्या खिडकीपाशी वारंवार विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाचे. पुसेगाव आणि सेनगाव तालुक्यातील आसपासच्या गावांचे रुग्ण मानेतील, काखेतील वा जांघेतील गाठ घेऊन येतात. गाठीचा तुकडा तपासणीसाठी मोठ्या शहरात जातो. त्याचा अहवाल येतो, त्यात 'फॉलिक्युलर लिम्फोमा' असे निदान असते आणि खाली 'जनुकीय तपासणी' असा शब्द असतो. तो वाचल्यावर नातेवाईक आजाराविषयी विचारण्याआधी मुलाबाळांविषयी विचारतात. हे घराण्यात उतरते काय? मुलीची सोयरीक चालली आहे, समोरच्या मंडळींना सांगावे लागेल काय? काही कुटुंबे या भीतीपोटी तो कागदच लपवून ठेवतात, आणि कागद लपला की उपचारही लांबतो. एका शब्दाच्या चुकीच्या अर्थाने एवढे नुकसान व्हावे, हे आम्हास योग्य वाटत नाही. म्हणून उत्तर आधी देतो. या आजारातील जनुकीय बिघाड आईवडिलांकडून आलेला नसतो व मुलांकडे जात नाही. तो रुग्णाच्या आयुष्यात, त्याच्या एका पेशीत घडलेला असतो. हे कसे, ते आता सविस्तर पाहू.

आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांप्रमाणेच लसीकावाहिन्यांचेही जाळे असते आणि त्या वाटेवर जागोजागी लहान शेंगदाण्याएवढ्या किंवा त्याहूनही बारीक ग्रंथी असतात. पायाला काटा लागून पिकले की जांघेत 'अवधान' येते, असे आपल्याकडे म्हणतात. ते अवधान म्हणजे कामाला लागलेली लसीका ग्रंथीच होय. या ग्रंथीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर तिच्या बाहेरील भागात गोल गोल पुंजके दिसतात. त्यांना लसीका पुटके अथवा फॉलिकल म्हणतात. प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या 'बी' पेशींचे शिक्षण या पुटकांत होते. जंतूचा अंश तेथे आणला जातो, पेशी आपापले प्रतिपिंड त्याला जुळते का ते अजमावतात, त्यात बारीक फेरफार करून पुन्हा अजमावतात. ज्यांचे जुळते त्या पुढे जातात. ज्यांचे जुळत नाही त्यांनी मरावे अशी निसर्गाची योजना आहे, आणि बहुसंख्य पेशी त्याप्रमाणे तेथेच मरतात.

या मरणावर सगळा विषय उभा आहे. कर्करोग म्हणजे पेशींची बेसुमार वाढ, एवढेच आपण ऐकलेले असते. आमचीही समजूत तीच होती. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर जमेची बाजू अफाट वाढली म्हणून शिल्लक फुगली. परंतु शिल्लक आणखी एका रीतीने फुगते. जमा नेहमीचीच असते, पण खर्चाच्या बाजूला नोंदच पडत नाही. पुटकांतील लिम्फोमाचे आरंभीचे रूप या दुसऱ्या प्रकारचे आहे. या पेशी घाईने वाढत नाहीत. त्या मरावयाच्या वेळी मरत नाहीत. म्हणूनच हा आजार सहसा संथ असतो, गाठ दुखत नाही, आणि रुग्ण वर्ष-दोन वर्षे ती अंगावर वागवतो.

पेशी मरत का नाही, याचा उलगडा जनुकांच्या अभ्यासाने केला. मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे, म्हणजे २३ जोड्या असतात आणि प्रत्येक गुणसूत्रावर जनुके ओळीने मांडलेली असतात. १४ क्रमांकाच्या गुणसूत्रावर प्रतिपिंड घडविणाऱ्या जनुकाचा एक मोठा भाग आहे. 'बी' पेशीत हा भाग अहोरात्र चालू असतो, कारण प्रतिपिंड बनविणे हेच तिचे काम. १८ क्रमांकाच्या गुणसूत्रावर बीसीएल-२ नावाचे जनुक आहे. ते चालू असले की पेशी जिवंत राहते. निरोगी पुटकात ते जनुक बंद ठेवलेले असते, जेणेकरून निवडीत न उतरलेल्या पेशी मराव्यात.

'बी' पेशी अस्थिमज्जेत तयार होत असताना आपल्या १४ क्रमांकाच्या गुणसूत्रावरील जनुक स्वतःच कापते आणि त्याचे तुकडे नव्या रचनेत जोडते. म्हणूनच तर आपल्याकडे लाखो प्रकारची प्रतिपिंडे असतात. आपल्या जनुकांना जाणूनबुजून कात्री लावण्याचा असा व्यवहार शरीरातील फारच थोड्या पेशी करतात, आणि कात्री म्हटली की चूक ही आलीच. कधीतरी जोडणी करताना १८ क्रमांकाच्या गुणसूत्राचा तुटलेला तुकडा १४ क्रमांकाला जोडला जातो. बीसीएल-२ हे जनुक अशा रीतीने नेमके त्या अहोरात्र चालू असलेल्या भागाच्या शेजारी येऊन बसते आणि त्याच्याबरोबर आपणही कायमचे चालू राहते. पुढे ही पेशी पुटकात शिकावयास जाते तेव्हा मरण्याचा हुकूम तिला लागू पडत नाही.

या आजाराचे वर्णन जुने आहे. न्यूयॉर्कमधील ब्रिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२५ मध्ये आणि सिमर्स यांनी १९२७ मध्ये पुटके अतोनात मोठी झालेल्या ग्रंथींची नोंद केली, आणि पुष्कळ वर्षे तो 'ब्रिल-सिमर्स आजार' म्हणून ओळखला गेला. तो कर्करोगच आहे की साधी सूज, याविषयी तेव्हा एकमत नव्हते. गुणसूत्रे नीट मोजता व रंगवता येऊ लागल्यावर, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, शिकागो येथील जॅनेट राउली व त्यांच्या सहकाऱ्यांना लिम्फोमाच्या पेशींत १४ व १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांची ही अदलाबदल दिसली. १९८४-८५ च्या सुमारास अमेरिकेतील तीन प्रयोगशाळांनी तुटीची नेमकी जागा शोधून बीसीएल-२ वेगळे काढले. मात्र ते जनुक करते काय, हे १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे डेव्हिड वॉ व सहकाऱ्यांच्या प्रयोगातून कळले : ते पेशी वाढवीत नाही, तिला मरू देत नाही. तोवर कर्करोगास कारण होणारी जी जनुके माहीत होती ती सारी वाढीची होती. त्यामुळे या शोधाने कर्करोगाविषयीच्या विचारालाच नवी दिशा दिली. पुटकांतील लिम्फोमाच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांत ही अदलाबदल सापडते.

येथे एक आश्चर्याची गोष्ट सांगावयास हवी, कारण नातेवाइकांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तीत आहे. अतिशय सूक्ष्म चाचणी वापरून युरोपातील निरोगी प्रौढांचे रक्त तपासले तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांच्या रक्तात अशी अदलाबदल झालेल्या मोजक्या पेशी आढळल्या. त्यांपैकी जवळजवळ कोणालाच आजार होत नाही. म्हणजे ही एक चूक आजारास पुरेशी नाही. चूक झालेली पेशी मरत नसल्यामुळे पुटकात वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा फेऱ्या मारते आणि प्रत्येक फेरीत नवे फेरफार साचण्याची शक्यता वाढते. २०१० नंतर संपूर्ण जनुकसंच वाचण्याची यंत्रे आली तेव्हा हे पुढचे फेरफार एकेक करून समजले. केएमटी-२डी आणि सीआरईबीबीपी या जनुकांतील बिघाड निम्म्याहून अधिक रुग्णांत, तर ईझेडएच-२ मधील बिघाड साधारण चार-पाच रुग्णांत एकाला आढळतो. या तिन्ही जनुकांचे काम इतर जनुके उघडणे व मिटणे हे आहे. ग्रंथालयाच्या भाषेत, पुस्तके जागच्या जागी आहेत, परंतु कोणते कपाट उघडावे आणि कोणते बंद ठेवावे हे पाहणारा ग्रंथपालच बिघडला, असे समजावे.

हे सर्व फेरफार ग्रंथीतील त्या पेशींत असतात, बीजपेशींत नसतात. संततीकडे जातात ती बीजपेशींतील जनुके. म्हणून रुग्णाच्या मुलामुलींची 'जनुकीय तपासणी' करून घेण्याचे काही कारण नाही, आणि सोयरिकीत ती गोष्ट काढण्याचेही नाही. मराठीत 'जनुकीय' आणि 'आनुवंशिक' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. आमच्या मते या घोटाळ्याचे मूळ तेथे आहे. आनुवंशिक ते सारे जनुकीय, पण जनुकीय ते सारे आनुवंशिक नव्हे. प्रामाणिकपणासाठी एवढे जोडतो की, ज्यांच्या आईवडिलांना वा भावंडांना हा आजार झाला त्यांना तो होण्याचा संभव इतरांपेक्षा काहीसा अधिक असल्याचे मोठ्या पाहण्यांत दिसले आहे. मात्र मुळात आजारच विरळ असल्याने हा वाढलेला संभवही प्रत्यक्षात फार अल्प राहतो. त्यासाठी कोणतीही नियमित तपासणी सुचविली जात नाही.

मग चूक वाढते कशाने? वय हे पहिले कारण. आजार बहुधा पन्नाशी-साठीनंतर दिसतो. दुसरी एक बाब आपल्या भागासाठी महत्त्वाची वाटते म्हणून नोंदवितो. फ्रान्समधील शेतकऱ्यांच्या रक्ताचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कीटकनाशकांशी संबंध आलेल्या शेतकऱ्यांच्या रक्तात ही अदलाबदल झालेल्या पेशींचे प्रमाण काही वर्षांच्या काळात वाढलेले आढळले. यावरून फवारणीमुळे लिम्फोमा होतोच असे सिद्ध होत नाही. तथापि सोयाबीन, कापूस व हळदीच्या आपल्या जिल्ह्यात फवारणी करताना उघड्या अंगाने, नाकातोंडाला काही न बांधता, हाताने औषध ढवळणारे शेतकरी आम्ही दर पावसाळ्यात पाहतो. त्यांना हातमोजे व अंगभर कपडे वापरा असे सांगण्यास विषबाधेचे एक कारण पुरेसे होते. हे दुसरे समजावे.

आता आपल्या देशाकडे, किंबहुना आपल्या राज्याकडे, येऊ. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूक्ष्मदर्शकाखालील निदानाला भारतात शिस्त लावली. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले तेव्हा त्याचे नेतृत्व त्यांच्याकडेच होते. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे या त्यांच्या विद्यार्थिनी. त्या अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशींचे संवर्धन शिकून परतल्या आणि त्यांनी मुंबईच्या केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात मानवी पेशी जिवंत ठेवून त्यांचा अभ्यास करण्याची विद्या आपल्याकडे रुजली ती अशा लोकांमुळे. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण देण्यात आले.

काचेच्या भांड्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो की, पुटकांतील लिम्फोमाच्या पेशी या बाबतीत फार हट्टी आहेत. मरत नाहीत म्हणून ज्यांची ख्याती, त्या शरीराबाहेर काढल्या की थोड्याच दिवसांत मरतात. आम्हाला हे प्रथम ऐकले तेव्हा विसंगत वाटले. कारण असे की ग्रंथीत त्यांच्या भोवती 'टी' पेशी व इतर आधारपेशी असतात, आणि त्या शेजाऱ्यांकडून मिळणाऱ्या संदेशांवर त्या तगून असतात. शेजार तुटला की टिकत नाहीत. प्रयोगशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या वाढविल्या जाणाऱ्या या आजाराच्या पेशी बहुतांशी अशा रुग्णांच्या आहेत ज्यांचा आजार पुढे वेगवान प्रकारात बदलला होता. त्यामुळे संथ अवस्थेचा खरा अभ्यास करावयाचा तर रुग्णाच्या ग्रंथीचा ताजा वा नीट जतन केलेला तुकडाच लागतो. आपल्यासारख्या लहान रुग्णालयाचा या मोठ्या शास्त्राशी संबंध येतो तो या तुकड्यापुरता.

टाटा मेमोरियलच्या डॉ. नरेश, डॉ. श्रीनिवास व डॉ. सोमण यांनी २००० साली २,७७३ लिम्फोमांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. हॉजकिन प्रकार सोडून उरलेल्या लिम्फोमांचा हा अभ्यास होता. त्यात पुटकांतील लिम्फोमा १२.६ टक्के होता, तर मोठ्या 'बी' पेशींचा वेगवान लिम्फोमा ३४ टक्के. युरोप-अमेरिकेच्या मानाने आपल्याकडे पुटकांतील प्रकार कमी आढळतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. याची कारणे अनेक असू शकतील. परंतु आमच्यासारख्यांच्या मनात एक शंका येते, ती व्यक्त करतो. जो आजार दुखत नाही, ताप आणत नाही, वर्षानुवर्षे सावकाश चालतो, तो खेड्यापाड्यांतून मुंबईच्या सूक्ष्मदर्शकापर्यंत पोहोचतच नसेल तर?

असे वाटण्यास आधार आहे. आपल्या भागात मानेची गाठ म्हणजे क्षय किंवा गंडमाळा, हे समीकरण लोकांच्या मनात पक्के आहे, आणि बहुतेक वेळा ते खरेही ठरते. क्षयाची शंका घेणे व त्याची तपासणी आधी करणे हे योग्यच. अडचण तेव्हा येते जेव्हा तपासणी न करताच क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. पुटकांतील लिम्फोमाची एक लबाडी अशी आहे की त्याच्या गाठी काही काळ आपोआप लहान होतात आणि पुन्हा वाढतात. गोळ्या चालू असताना गाठ उतरली की गुण आला असे सर्वांनाच वाटते. कोणी झाडपाल्याचा लेप लावलेला असतो, कोणी नवस बोललेला असतो. श्रेय त्या त्या उपायाला मिळते. आठ-दहा महिन्यांनी गाठ परत येते, तोवर काखेत व पोटातही गाठी झालेल्या असतात. तेव्हा आमचे डॉक्टर सांगतात तो नियम येथे छापतो : एका गाठीने चार ते सहा आठवड्यांत उतरावयास हवे, न उतरल्यास अथवा उतरून पुन्हा आल्यास तिची तपासणी झालीच पाहिजे.

तपासणी म्हणजे केवळ सुईने पाणी काढणे नव्हे. सुईच्या तपासणीत क्षय पुष्कळदा सापडतो व ती स्वस्तही आहे. परंतु तीत सुट्या पेशी मिळतात, पुटकांची मांडणी दिसत नाही. या आजारात तर निदान मांडणीवरच अवलंबून असते. म्हणून शक्यतो संपूर्ण ग्रंथी काढून पाठवावी लागते. प्रयोगशाळेत तिचे काप करून विशिष्ट रसायनांनी रंगवितात. जंतुसंसर्गामुळे फुगलेल्या ग्रंथीतही पुटके मोठी दिसतात, पण त्यांच्या मध्यभागी बीसीएल-२ चा रंग चढत नाही, कारण तेथे ते जनुक बंद असते. लिम्फोमाच्या पुटकात मध्यभाग रंगून निघतो. १९८८ च्या त्या शोधाचा इतका साधा, डोळ्यांना दिसणारा उपयोग आज रोज होत आहे. शंका उरल्यास 'फिश' नावाची चाचणी करतात. तीत दोन गुणसूत्रांना दोन रंगांचे चमकणारे ठिपके लावतात, आणि अदलाबदल झाली असेल तर ते ठिपके एकमेकांना चिकटून दिसतात.

या सगळ्याची सुरुवात ज्या बाटलीतून होते तिच्याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण विश्वस्त मंडळाने तिच्यासाठी स्वतंत्र तरतूद का करावी असा प्रश्न बैठकीत निघतो. काढलेली ग्रंथी ताबडतोब दहा टक्के बफर केलेल्या फॉर्मलिनमध्ये टाकावी लागते. फॉर्मलिन ग्रंथीच्या किमान दहापट हवे, बाटलीचे तोंड रुंद हवे, आणि ग्रंथी मोठी असल्यास तिला मधोमध छेद द्यावा लागतो. नाहीतर द्रव आत शिरेपर्यंत मधला भाग सडतो. त्यात साधारण एक ते दोन दिवस राहणे चांगले. आठवडेच्या आठवडे पडून राहिल्यास आतील जनुकांचे धागे तुटतात व पुढील चाचणी होत नाही. बाहेरून आमच्याकडे आलेला एक नमुना इंजेक्शनच्या निमुळत्या बाटलीत होता. आत टाकताना मऊ असलेली ग्रंथी फॉर्मलिनने कडक झाली आणि बाटली फोडल्यावाचून बाहेर येईना. दुसरा एक सलाइनमध्ये दोन दिवस प्रवास करून आला होता. त्याचे काप पाहून प्रयोगशाळेने 'निदानास अयोग्य' असे कळविले, आणि त्या गृहस्थांना पुन्हा शस्त्रक्रिया सोसावी लागली. चांगली बाटली आणि ताजे फॉर्मलिन यांची किंमत त्या शस्त्रक्रियेच्या तुलनेत नगण्य आहे. अस्थिमज्जेच्या हाडाच्या तुकड्यालाही हेच लागू : तो मऊ करण्यास तीव्र आम्ल वापरले तर जनुके नष्ट होतात, म्हणून त्यासाठी सौम्य पद्धत वापरणाऱ्या प्रयोगशाळेकडेच तो पाठवावा लागतो.

निदान झाल्यावर कुटुंबाला दुसरा धक्का बसतो तो वेगळ्याच कारणाने. मोठ्या रुग्णालयातील डॉक्टर कधी कधी सांगतात, "सध्या औषध नको. तीन महिन्यांनी दाखवायला या." कर्करोग म्हणायचे आणि औषध द्यायचे नाही, हे आपल्या माणसाला पटत नाही. गरीब म्हणून टाळले, असाही समज होतो. वस्तुस्थिती अशी की गाठी लहान असतील आणि त्रास नसेल तर थांबून पाहणे हाच मान्य मार्ग आहे. ब्रिटनमध्ये ३०९ रुग्णांवर झालेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा संथ लिम्फोमाच्या रुग्णांचे दोन गट होते. एकास लगेच गोळ्या, दुसऱ्यास गरज पडेल तेव्हाच उपचार. दोन्ही गटांच्या आयुर्मानात फरक पडला नाही. थांबलेल्यांपैकी साधारण पाचांत एकाला दहा वर्षांनंतरही उपचाराची गरज लागलेली नव्हती. तेव्हा घाबरून शेत विकण्यापूर्वी, दागिने गहाण टाकण्यापूर्वी, कृपया आमच्याशी एकदा बोलावे.

गरज पडते तेव्हा औषधे आहेत. 'बी' पेशीच्या पृष्ठभागावरील एका खुणेवर नेमके जाऊन चिकटणारे रिटक्सिमॅब हे प्रतिपिंड अमेरिकेत १९९७ मध्ये मान्य झाले आणि या आजाराचे चित्र पालटले. प्रारंभी ते आपल्या रुग्णांच्या आवाक्याबाहेर होते. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने त्याचे भारतीय रूप आणले व किंमत खाली आली. आज योग्य उपचार घेणारे अनेक रुग्ण पंधरा-वीस वर्षे बरे आयुष्य जगतात. आजार मुळापासून जाईलच असे मात्र सांगता येत नाही. दरवर्षी शंभरांत दोन-तीन रुग्णांत तो वेगवान प्रकारात बदलतो. गाठ एकाएकी भराभर वाढणे, ताप, रात्री दरदरून घाम, वजन उतरणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी पुन्हा तुकडा काढून जनुकांची तपासणी करावी लागते, कारण पेशींत नवे बिघाड आलेले असतात. पहिल्या उपचारानंतर दोन वर्षांच्या आत आजार उलटणाऱ्या, साधारण पाचांत एक असलेल्या, रुग्णांचा मार्गही अधिक कठीण असतो. ते रुग्ण आधीच ओळखता यावेत यासाठी जनुकांच्या याद्या करून गुण देण्याच्या पद्धती निघाल्या आहेत. पण त्या अद्याप रोजच्या वापरात रुळलेल्या नाहीत.

बीसीएल-२ लाच रोखणारे औषध दिले की झाले, असे कोणालाही वाटेल. आम्हालाही वाटले होते. तसे औषध निघाले आहे. रक्ताच्या एका संथ कर्करोगात ते उत्तम काम करते, परंतु ज्या आजारातून बीसीएल-२ सापडले त्या पुटकांतील लिम्फोमात ते एकट्याने दिल्यास तुलनेने थोड्याच रुग्णांना गुण येतो. पुढचे बिघाड आणि शेजारपेशींचा आधार यांमुळे असे होत असावे, असे तज्ज्ञ मानतात.

मुंबईची आयआयटी व टाटा मेमोरियल यांनी मिळून घडविलेला 'नेक्सकार-१९' हा उपचार येथे नोंदविला पाहिजे. रुग्णाच्याच 'टी' पेशी काढून त्यांच्यात नवे जनुक घालायचे व त्या कर्करोगाच्या 'बी' पेशींवर सोडायच्या, अशी ही पद्धत. तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. ६४ रुग्णांवरील चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत तपासता आलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्क्यांना प्रतिसाद मिळाला. हे रुग्ण प्रामुख्याने वेगवान लिम्फोमाचे व ल्युकेमियाचे, आणि आधीचे उपचार निष्फळ ठरलेले होते. खर्च परदेशातील किमतीच्या साधारण दशांश असला तरी लाखांतच आहे. म्हणून ही बातमी वाचून आलेल्या नातेवाइकांस आम्ही आशा जरूर देतो, पण तो सर्वांसाठीचा पहिला उपचार नव्हे हेही सांगतो.

आपला जिल्हा हळदीचा. त्यामुळे हळदीने गाठ विरघळते काय, हा प्रश्न येथे येणे स्वाभाविक आहे. हळदीतील कुर्क्युमिनचा कर्करोगाच्या पेशींवर परिणाम होतो असे काचेच्या भांड्यात दिसले आहे. पोटात घेतलेली हळद मात्र रक्तात फारशी उतरत नाही, आणि तिने लिम्फोमा बरा झाल्याचे रुग्णांत सिद्ध झालेले नाही. जेवणातील हळद खुशाल खावी. औषध म्हणून चमच्याने खाऊन उपचार थांबवू नये, आणि चालू उपचारात अर्काच्या गोळ्या घ्यावयाच्या असतील तर डॉक्टरांना विचारावे.

पुढील तपासणीस व उपचारास आमचे रुग्ण नांदेडला, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, किंवा मुंबईस परळला जातात. पुसेगावहून मुंबई पाचशे किलोमीटरहून दूर आहे. परभणी वा नांदेड गाठून रात्रीची गाडी धरावी लागते, आणि तेथे गेल्यावर राहण्याचा प्रश्न उभा राहतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने आजवर अशा असंख्य कुटुंबांना आसरा दिला आहे. पात्र कुटुंबांस महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचाराचा लाभ मिळतो. त्यासाठी शिधापत्रिका व आधार कार्ड सोबत न्यावे. परंतु योजनेतून प्रवासखर्च, जेवणखाण आणि बुडालेली मजुरी भरून निघत नाही. देणगीदारांनी 'रुग्ण साहाय्य' या सदरात दिलेली रक्कम आम्ही प्रामुख्याने तेथे वापरतो. काही देणगीदारांची इच्छा यंत्रसामग्रीसाठी देण्याची असते, कारण यंत्रावर नावाची पाटी लागते. त्यांच्या भावनेचा आदर राखून सुचवितो की, रुंद तोंडाच्या बाटल्या, फॉर्मलिन, नमुना पोहोचविण्याचा खर्च व 'फिश' चाचणीचे काही हजार रुपये यांवर पाटी लागणार नाही, मात्र आमच्या रुग्णांचे निदान त्यावाचून अडते.

शेवटी नातेवाइकांसाठी एक सूचना. तपासणीनंतर प्रयोगशाळा ग्रंथीचा उरलेला भाग मेणाच्या लहान वडीत बसवून ठेवते. तिला ब्लॉक म्हणतात. मागितल्यास तो आणि काचपट्ट्या रुग्णास परत मिळतात. मुंबईच्या डॉक्टरांना निदान पुन्हा पडताळावयाचे असते, आणि पाच-दहा वर्षांनी नवी जनुकीय चाचणी निघाली तर तीही त्याच ब्लॉकवर करता येते. तो कचरा समजून टाकू नये. त्यावर लिहिलेला क्रमांक पुसू नये. घरी ठेवताना बंद डबीत, सावलीच्या जागी ठेवावा. पत्र्याच्या खोलीतील लोखंडी पेटीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवल्यास आपल्याकडील वैशाखात मेण मऊ पडते. ज्यांच्या घरी अशी सोय नाही त्यांचे ब्लॉक आमच्या कार्यालयात नोंदवहीत नोंद करून सांभाळले जातील. पावती जपून ठेवावी व ब्लॉक नेताना ती परत करावी.